सगळ्यांच्या हिवाळ्यात एक मांजर

सोमवार, ८ डिसेंबर

पहिला दिवस पार पडला. संस्थेच्या प्रार्थना मॅडम सकाळी गाडीतून आल्या, पत्र्याच्या शेडची किल्ली आणि रंगांचं खोकं माझ्या ताब्यात दिलं, मुलांना एकदा गाणं म्हणायला लावलं आणि चहा न घेताच नगरला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, ऋतू शिकवायचे, पण पुस्तकातून नाही, चित्रांतून. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. जानेवारीच्या शेवटी सगळी चित्रं नगरला नेऊन मांडायची आहेत.

मी नववीत शाळा सोडली हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखन चांगलं आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतोस, एवढ्या लहान मुलांना तेवढं पुरे. मला पुरे वाटत नाही. मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मुलं ऊसतोडणी कामगारांची आहेत. टोळी पाथर्डीकडची. आमच्या गावातून काष्टीच्या रस्त्याला लागलं की ओढ्यापलीकडे त्यांच्या कोप्या दिसतात, उसाच्या पाचटाच्या, वर प्लास्टिकचा कागद. आईबाप पहाटे कोयते घेऊन उसाच्या फडात जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. मुलं मागे राहतात.

खरी भीती रस्त्याची आहे. दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेला ऊस. त्यात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. मी सायकलची घंटी सारखी वाजवत जातो. बिबट्या मान धरतो असं ऐकलं आहे, म्हणून गळ्याला मफलरचे वेढे घेतो. आई हसते. म्हणाली, "तुझं नाव ज्याच्यावरून ठेवलं, तो बायबलातला गिदोनही असाच लपून बसला होता. त्याच्याकडं देवानं दूत पाठवला, तुझ्याकडं मॅडम पाठवली."

बुधवार, १० डिसेंबर

आज तक्ता टांगला. काल घरी बसून रंगवला होता. उन्हाळ्याच्या चौकटीत सूर्य आणि आंबा, पावसाळ्यात छत्री आणि बेडूक, हिवाळ्यात स्वेटर आणि शेकोटी. 'ऋतू'मधला तू दीर्घ आहे याची खात्री करून घेतली. मुलांना वाचता येत नाही, पण मॅडम वाचतील.

मुलांनी तक्ता नीट बघितला. मी विचारलं, आत्ता कोणता ऋतू चालू आहे? मग दिपाली नावाची मुलगी उभी राहिली. सहा वर्षांची असेल, पुढचे दात पडलेले. म्हणाली, "हिवाळा हितं असतो. पावसाळा आमच्या गावाकडं असतो."

मी विचारलं, आणि उन्हाळा?

"उन्हाळा रस्त्यात लागतो. ट्रॅक्टरमदी."

बाकीची मुलं माना हलवायला लागली, म्हणजे हे सगळ्यांनाच माहीत होतं. मी समजावलं की ऋतू आपल्याकडे येतात, आपण ऋतूंकडे जात नाही. पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही हे दिसत होतं. सायकलवरून येताना मी त्याचाच विचार करत होतो आणि निम्मा रस्ता घंटी वाजवायची राहून गेली. लक्षात आल्यावर उरलेला रस्ता अंगठा घंटीवरून उचलला नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज कागदावर पाचट चिकटवून हिवाळा केला. मुलांना तो आवडला. पाचट कुठलं ओलं, कुठलं करकरीत, कुठल्या पानाने हात कापतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी फक्त डिंक लावून दिला. एकाने कागदावर तळहात उमटवून सांगितलं की हा हिवाळ्यातला हात आहे. बोटांना काळी चीर काढली होती.

दिपालीची आई लंकाबाई आज फडात गेली नव्हती, खांदा धरला होता. शेडच्या दारात बसून बघत होती. मुकादम कल्याणराव मोटारसायकल लावून आले आणि सांगायला लागले की पलीकडच्या वस्तीवरचं वासरू बिबट्याने नेलं. मी नकळत मफलर आवळला. लंकाबाई म्हणाली, "सर, लई गुंडाळू नका. त्याला सोडायला येळ लागंल."

मुलंसुद्धा हसली. मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत मफलर काढला नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

आज काहीतरी बिनसलं आहे आणि काय ते कळत नाही.

काल रविवार, शेड बंद. मुलं आईबापांबरोबर फडात गेली होती. आज मी सांगितलं, आपापला हिवाळा काढा, कुणाचं बघायचं नाही. चित्रं गोळा केली तर प्रत्येकाच्या हिवाळ्यात एक मांजर. बैलाच्या शेजारी मांजर, कारखान्याच्या धुराड्याखाली मांजर, मोळीवर मांजर. रंगही एकच, पिवळट तपकिरी. आणि अंगावर काळे ठिपके. तेही भरीव नाहीत. मध्ये पोकळ, कडा तुटक, पाकळ्या विस्कटल्यासारख्या.

म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं. मॅडम बघतील तर म्हणतील, गिदोनने फळ्यावर मांजर काढून दिलं आणि मुलांनी गिरवलं. मी विचारलं, मांजर कुणाचं? सगळी म्हणाली, आपलं. कुठे असतं? एक मुलगा म्हणाला, "हिवाळ्यात." बाकीची तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

मी ठिपके दुरुस्त करायला लावले. मांजराला असे पोकळ गोल नसतात, ठिपका भरीव काढायचा, असं सांगून प्रत्येकाला काळा रंग भरायला दिला. दिपाली भरेना. "असत्यात," म्हणाली. मी म्हणालो, मी पाट्या रंगवतो, मला माहीत आहे. तिने माझ्याकडे बघत एकेक गोल भरला. मला ते बघणं आवडलं नाही.

संस्थेच्या पावडरीचं दूध ती पीत नाही, वाटीत घेऊन कोपीत जाते. म्हणते, मांजराला. चित्रातल्या मांजराचा खेळ चालू असावा. खेळातून मुलं शिकतात असं मॅडमनी सांगितलं आहे, म्हणून अडवलं नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

शेडच्या भोवती पंजे उमटले आहेत. मी सकाळी कुलूप काढायला वाकलो आणि माझ्या पायाशेजारीच एक होता. किल्ली कुलपात जाईना.

कल्याणरावांची इच्छा नव्हती. जंगलखात्याची माणसं आली की फड बंद पाडतात, म्हणाले. पण गावातून कुणीतरी कळवलं आणि दुपारी वनरक्षक परवेझ शेख आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. उकिडवे बसून त्यांनी पंज्यांवर आपला हात ठेवून बघितला, कोप्यांमधून चक्कर मारली, परत शेडपाशी आले. मादी असावी म्हणाले. मग तेच पंजे पुन्हा मोजत बसले.

मी विचारलं, काय झालं परवेझभाई? ते म्हणाले, शिकारीला आलेलं जनावर सरळ येतं आणि सरळ जातं. हे गोल फिरलं आहे, दोनदा, तीनदा. कोपीबाहेर कुत्री होती, त्यांना शिवलंही नाही. "काय हवंय हिला, ते कळंना."

मला फक्त एवढं कळलं की ती परत येणार. त्यांनी सांगितलं, दिवस कलला की मुलांना बाहेर ठेवू नका, एकट्याने जाऊ नका, मोबाईलवर गाणी लावून ठेवा. आपला नंबर दिला. तो मी पाठ करून टाकला आहे.

मुलं हे सगळं ऐकत होती. एरवी एवढी बडबड करतात, आज एकही बोललं नाही. घाबरली असतील.

गुरुवार, १८ डिसेंबर

काल आणि आज शिकवण्यात लक्ष लागलं नाही. पावसाळा काढायला घेतला होता. मी निळा रंग कालवत होतो आणि बाहेर पाचट वाजलं तेव्हा भांडं हातातून सुटलं. शेळी होती.

दुपारी लंकाबाई आणि तिचा नवरा पुंजाराम शेडवर आले. पुंजाराम बोलतच नाही, कोयत्याची मूठ कुरवाळत उभा राहतो. लंकाबाई म्हणाली, ट्रॅक्टर भरेपर्यंत आम्हाला अंधार होतो, कोपीला दार नाही, तुमच्या शेडला हाय. आम्ही येईपर्यंत मुलांना इथे बसवा. परत जाताना मुकादम तुम्हाला मोटारसायकलवर सोडतील.

मला नाही म्हणायचं होतं. पण तिने या वेळी चेष्टा केली नाही, आणि चेष्टा न करणाऱ्या लंकाबाईला नाही म्हणायची मला भीती वाटली. हो म्हणालो. मुलांना सांगितलं, उद्या संध्याकाळी गोधड्या घेऊन या, आणि कोपीत एकटं ठेवायला नको वाटतं असं जे काही असेल ते पण आणा.

शनिवार, २० डिसेंबर

कालचं आज लिहितो.

ऊन उतरायच्या आत मुलं आली. गोधड्या, एक फुटकी बादली, एक कोंबडा. दिपालीने कोंबडी झाकायचं डालगं आणलं, त्यावर आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. मी विचारलं, कोंबडी का? ती म्हणाली, "मांजर."

मला बरं वाटलं. खरं मांजर आहे म्हणजे मुलांनी एकमेकांचं उतरवलं नव्हतं. आणि ठिपक्यांचा वादही मिटेल. मी दार लावून आकडा घातला, मुलांना गोल बसवलं, कागद दिले. सांगितलं, आधी बघायचं, मग काढायचं. मनातलं नाही, दिसतं ते काढायचं. मग मी डालगं उचललं.

आधी पंजे दिसले. एवढ्याशा जीवाला एवढे मोठे पंजे. मग कान, टोकदार नाहीत, गोल. त्याने तोंड उघडून माझ्यावर फिस्कारलं. आणि अंगावर सगळीकडे तेच, मध्ये पोकळ, कडा तुटक. मुलांनी सोमवारी काढलेले, मी काळ्या रंगाने बुजवायला लावलेले.

मी डालगं खाली ठेवलं. सावकाश ठेवलं. मुलं कागदावर वाकली होती, एकाने तर पिवळा रंग घेऊन सुरुवातही केली होती. मी विचारलं, हे कुठून आणलं? दिपाली म्हणाली, रविवारी फडात पाचटाखाली होतं. आईला सांगितलं नाही, आई दूध देणार नाही म्हणून. सगळ्यांनी शपथ घेतली होती. तेव्हा मला परवेझभाईंनी दाखवलेले पंजे आठवले. गोल फिरलेले.

तेवढ्यात पत्र्याला काहीतरी घासलं. मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश, कुणी अंग टेकून चालावं तसं. शेडच्या पत्र्याखाली चार बोटांची फट आहे. तिथून धूळ आत आली. मग आवाज आला, लाकडावर करवत ओढल्यासारखा. ओढली, थांबली, ओढली. डालग्यातून उत्तर गेलं, बारीक.

मी परवेझभाईंना फोन लावला. ते राशीनकडे होते, तास तरी लागेल म्हणाले. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "पिल्लू खोक्यात घाला आन बाहेर ठिवा. लई लांब न्हाई. दार लावा, दिवा घालवा, पोरांना गप बसवा. माझी वाट बघू नका."

मी विचारलं, बाहेर कुणी ठेवायचं?

"तिथं मोठं कोण हाय, सर?"

मी खरंच मागे वळून बघितलं.

रंगांचं खोकं रिकामं केलं. दिपाली डालग्याला मिठी मारून बसली होती. मी सांगितलं, त्याची आई न्यायला आली आहे. ती म्हणाली, "कुठं नेईल? तिचं घर आमच्या बानं तोडलं."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, शेजारच्या फडात जाईल. "त्यो बी तोडायचाय. मुकादम म्हनला." मग त्याच्या पुढच्या. "त्यो बी."

बाहेर करवत पुन्हा ओढली गेली. मी म्हणालो, "कुठं नेईल ते मला माहीत नाही, दिपाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला काईच म्हाईत न्हाई," म्हणाली आणि हात सैल सोडले. पिल्लू तिनेच उचलून खोक्यात ठेवलं. खाली लुगडं घातलं, थंडी आहे म्हणून.

मी आकडा काढला. बाहेर अजून थोडा उजेड होता, कारखान्याच्या धुराकडचं आभाळ तांबडं होतं. समोर कोप्या, उलटी टाकलेली एक बैलगाडी, पलीकडे ऊस. ती कुठेच दिसली नाही, आणि ते दिसण्यापेक्षा वाईट होतं. मी चालत गेलो. देवाची एकही प्रार्थना आठवली नाही. गाडीच्या जुवापाशी खोकं ठेवलं. पाठ फिरवायची हिंमत झाली नाही, म्हणून उलटा चालत आलो, उंबऱ्याला अडखळलो आणि मुलांच्या अंगावर पडलो. दिपालीनेच दार ओढलं. आकडा मी घातला, दोन्ही हातांनी.

दिवा घालवला. मुलं माझ्या अंगाला चिकटून बसली. कुणाचं तरी हृदय माझ्या कोपराला लागून धडधडत होतं, किंवा माझंच असेल. बराच वेळ काही नाही. मग पाचट वाजलं. खोकं कलंडल्याचा आवाज आला. मग पुन्हा काही नाही.

"नेलं," दिपाली अंधारात म्हणाली.

ट्रॅक्टरचा आवाज जवळ आल्यावर दिवा लावला. माझी विजार ओली होती. मी म्हणालो, रंगाचं पाणी सांडलं. दिपालीने वाकून बघितलं, मग बाकीच्यांकडे बघितलं. "व्हय, सांडलं," म्हणाली. पाण्याचा डबा कोपऱ्यात भरलेला तसाच होता.

रविवार, २१ डिसेंबर

परवेझभाईंनी काल दिवस उजाडल्यावर माग काढला. खोकं रिकामं, लुगड्यावर ओरखडे, पंजे नदीच्या अंगाला गेलेले. ते म्हणाले, झालं ते चांगलं झालं, पण ती फार लांब जाणार नाही, लांब जायला ऊस कुठे उरला आहे. पिल्लू सापडलं तो फड त्यांनी चार दिवस बंद ठेवायला लावला. टोळीला पलीकडचा मोठा फड दिला.

कल्याणराव माझ्याशी नीट बोलत नाहीत. "सर, तुमी चित्रं काढा की. जंगलखात्याला फोन कशापायी?" एवढंच म्हणाले.

लंकाबाईने दिपालीला मारलं आणि मग तिलाच पोटाशी धरून कोपीबाहेर बसून राहिली. मला म्हणाली, उद्यापासून एकही पोर इथे राहणार नाही. सगळी फडात येतील, डोळ्यांपुढे तरी असतील. मी म्हणालो, फडात तर भिंतसुद्धा नाही. ती म्हणाली, "सर, भिंत हुती तवा काय झालं?"

मी निघालो तर दिपाली सायकलपाशी आली. शुक्रवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. म्हणाली, पाचटाखाली अजून एक पिल्लू होतं. ओटीत एकच मावलं म्हणून तिने एकच आणलं. मग म्हणाली, "तुमाला म्हाईत न्हाई ना, मी जाऊन बघनार हाय. घर घावलं का न्हाई त्यांना."

मी म्हणालो, उसात पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, "बरं." ज्या तऱ्हेने तिने गोल भरले होते त्याच तऱ्हेने म्हणाली.

लंकाबाईला सांगितलं. ती म्हणाली, लक्ष ठेवीन. पण मोळ्या बांधणारी बाई वाकलेली असते, तिला काय दिसणार?

मंगळवार, २३ डिसेंबर

शेड उघडतो, झाडतो, बसतो, कुलूप लावतो.

प्रार्थना मॅडमना फोनवर सगळं सांगितलं, ओल्या विजारीचं सोडून. त्या घाबरल्या. म्हणाल्या, मुलं येत नसतील तर केंद्र बंद करू, तुला काष्टीच्या केंद्रावर घेऊ. तिथे पक्की इमारत आहे, गेट आहे. मी विचारलं, फडात जाऊन शिकवलं तर? त्या म्हणाल्या, अजिबात नाही, तिथे काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? मी हो म्हणालो. पक्की इमारत ऐकून मला किती बरं वाटलं ते मी इथे लिहून ठेवतो. खूप बरं वाटलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. सकाळी चर्चला गेलो. आईने करंज्या केल्या आहेत. दुपारी परवेझभाई आले, त्यांना ताट वाढलं. ते जेवता जेवता सांगत होते की ऊस कडेकडेने तोडत आत जातात. आतलं जनावर सरकत सरकत मधल्या पट्ट्यात जमा होतं. ससे, रानमांजरं, सगळं. शेवटचा पट्टा राहिला की पोरं ससे धरायला त्याच्याभोवती पळतात, ती वेळ वाईट.

आईने विचारलं, मोठा फड कधी संपेल? ते म्हणाले, शनिवारी शेवटचा पट्टा.

मी करंजी हातात धरून बसलो होतो. आई म्हणाली, खा. मला दिपालीचं "बरं" ऐकू येत होतं. मी तिला खोटं सांगितलं असतं, की त्यांचं घर डोंगरात आहे, भंडारदऱ्याकडे, तिथे ती सुखाने गेली, तर ती बघायला निघाली नसती. मला खरं बोलायची काय गरज होती? सहा वर्षांच्या मुलीला.

आईला सांगितलं की शनिवारी फडात जाणार आहे. तिने माझ्या मफलरची सुटलेली दशी दाताने तोडून टाकली.

शनिवार, २७ डिसेंबर

आज फडात गेलो.

सायकल बांधावर टेकवली तेव्हा वाटलं, अजून परत जाता येईल. समोर तोडलेलं रान, खोडक्यांचं, आणि मधोमध उभा उसाचा पट्टा. बायका मोळ्या बांधत होत्या. पुंजाराम कडेला तोडत होता, त्याने मला बघून कोयता थांबवला. कल्याणराव म्हणाले, सर, हितं कुठं? मी म्हणालो, शाळा. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

मुलं पट्ट्याच्या अगदी जवळ खेळत होती. दिपाली त्यांच्यात नव्हती. मी तिला हाक मारली, माझा आवाज फाटला. ती पट्ट्याच्या टोकाला उभी होती, एक हात उसात घातलेला, पानं बाजूला करून आत बघत होती. मी पळालो. मी पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. तिचा दंड धरला तेव्हा पाचटाची धार माझ्या मनगटावरून गेली. आत काय होतं ते मला दिसलं नाही. मी बघितलंच नाही.

ती म्हणाली, "हाय का न्हाई तेवढंच बघत हुते."

मी म्हणालो, चल, तिथून बघू. दोघं मिळून. खरं तर तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

रिकाम्या ट्रॉलीपाशी गोधडी पसरली. पट्ट्यापासून लांब, पण पट्टा दिसेल एवढ्या अंतरावर. मुलांना उसाकडे पाठ करून बसवलं. मी समोर बसलो, म्हणजे माझं तोंड उसाकडे आलं. कुणाचं तरी असायलाच हवं होतं. लंकाबाईने मोळी बांधता बांधता आमच्याकडे बघितलं आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी पाण्याची कळशी आणून ठेवली. मफलरबद्दल बोलली नाही.

कागद वाटले. काय काढायचं, मुलांनी विचारलं. मी म्हणालो, इथे जे आहे ते. मुलं लगेच वाकली. मी बोलत होतो, रंग कालवून देत होतो, कुणाचं नाक पुसत होतो, पण डोळे पट्ट्यावरून हलवले नाहीत. एकदा शेंडे हलले, वाऱ्याने. एकदा हलले आणि वारा नव्हता. पुंजारामनेही ते बघितलं. त्याने बायकांना हाक घातली आणि सगळे मागे सरकून डबे वाजवायला लागले, पट्ट्याची नदीकडची बाजू मोकळी ठेवून. मी मुलांना ट्रॉलीत चढवलं. मुलांनी तिथेही कागद सोडले नाहीत, फळीवर ठेवून काढत राहिली. माझे दात वाजत होते. त्यांना वाटलं थंडीने.

कितीतरी वेळाने डबे थांबले. काही बाहेर आलं का, कुणालाच माहीत नाही. पुंजाराम पुन्हा कडेला वाकला. कोयत्याचा आवाज सुरू झाला.

दिपालीचं चित्र झालं होतं. "सर, बघा," म्हणाली. मी छान म्हणालो.

"तुमी बघतच न्हाई."

मी म्हणालो, बघतोय. तिला पटलं नाही. ती फळीवर चढली आणि कागद थेट माझ्या डोळ्यांपुढे धरला. सगळा ऊस त्यामागे गेला. एवढ्या जवळून मला फक्त ओला रंग दिसत होता.

"जरा खाली धर," मी म्हणालो. "मला दोन्ही दिसलं पाहिजे."

तिने कागद माझ्या हनुवटीपर्यंत खाली घेतला आणि तसाच धरून उभी राहिली, हात भरून येईपर्यंत.